खडकाचा चुरा वर येतो, आमची मुले कधी वर येणार?

विहीर ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. गावात विहीर खणायची ठरली की सुरुंगाची भोके पाडायला आपली माणसे, सुरुंग उडाल्यावर डबर भरायला आपल्या बाया, यारीचा दोर ओढायला पुन्हा आपलीच पोरे. उन्हाळ्यात पाणी आटले की गाळ उपसायलाही आपल्यालाच हाक. आणि मृगाचा पाऊस पडून विहीर भरली की त्याच विहिरीच्या काठावर आपली सावली चालत नसे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या ओंजळीत अशा हजारो विहिरींचा हिशेब होता.

आज आम्ही वाचकांना दुसऱ्या एका विहिरीची हकिगत सांगणार आहोत. ही विहीर पाण्याची नाही, तेलाची आहे. तीही खणावी लागते, तिच्यातूनही डबर वर काढावे लागते, आणि तो वर आलेला चुरा चाळायला, टाकीतला चिखल उपसायला पुन्हा आपलीच मुले उभी असतात.

आम्ही म्हणजे पनवेल तालुक्यातल्या एका वस्तीत राहणारे चौघे जण. मूळ गावे निरनिराळी, कुणाचे बीड, कुणाचे जालना, कुणाचे सातारा. पण बुद्धविहार एक आणि पोटाचा धंदाही एक. अरबी समुद्रातल्या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर ठेकेदाराचे कामगार म्हणून आम्ही बरीच वर्षे काढली. घरच्यांनी नेहमी एकच विचारले, "तुम्ही तिथं नेमकं करता तरी काय?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि वस्तीत अलीकडे उभ्या राहिलेल्या एका वादाचेही.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात जे तेलक्षेत्र आहे, त्याला पूर्वी बॉम्बे हाय म्हणत, आता मुंबई हाय म्हणतात. 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगने १९७४ च्या फेब्रुवारीत तिथे तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात तेल काढायला सुरुवात झाली. समुद्राच्या तळाखाली काही कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडीचा खडक आहे, त्याच्या बारीक छिद्रांत तेल भरलेले असते. लोकांना वाटते, खाली तेलाचे तळे असेल, पाइप घातला की ते वर येते. तसे नसते. तिथवर खडक फोडत जावे लागते.

फोडण्याचे काम पाइपाच्या टोकाला बसवलेला दातेरी बिट करतो. तो फिरतो, खडक दळतो. आता दळलेला खडक जाणार कुठे? गावच्या विहिरीत माणूस उतरून पाटी भरतो. इथे भोक जेमतेम फूटभर रुंद आणि हजार-दीड हजार मीटर खोल. सव्वाबारा इंची बिटाने एक हजार मीटर भोक पाडले तर सुमारे ७६ घनमीटर खडक बाहेर काढावा लागतो. वजनाने तो पावणेदोनशे टनांच्या आसपास भरतो, म्हणजे दहा टनी सतरा-अठरा ट्रक. एवढे डबर फूटभर भोकातून वर आणायचे, आणि तेही बिट न थांबवता.

हे काम चिखल करतो. रिगवर त्याला सगळे 'मड' म्हणतात. पाण्यात बेंटोनाइट नावाची माती मिसळतात. ही माती आपल्या शेजारच्या गुजरातेत, कच्छात मिळते. वजन वाढवायला बराइट नावाच्या जड दगडाची भुकटी घालतात, ती आंध्र प्रदेशातून येते. कॉस्टिक सोडा आणि इतर रसायनेही पडतात. मोठ्या पंपाने हे मड पोकळ पाइपातून खाली सोडतात. बिटाच्या तोंडातून ते जोराने बाहेर पडते आणि पाइप व भोकाची भिंत यांच्यामधल्या फटीतून चुरा घेऊन वर येते. ही युक्ती जुनी आहे. फोवेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८४५-४६ च्या सुमारास पोकळ पहारीतून पाणी सोडून चुरा वर आणून दाखवला होता. त्याआधी काम थांबवून, लांब डबा भोकात सोडून, थोडा थोडा गाळ वर काढावा लागे.

मडची एक करामत आमच्या घरच्या बायकांना फार आवडली. पंप बंद पडला तर वर येणारा चुरा पुन्हा तळाशी बसेल आणि पाइप अडकवील. म्हणून मड असे बनवतात की ते थांबले की दह्यासारखे लागते, चुरा जागच्या जागी धरून ठेवते, आणि पंप सुरू झाला की पुन्हा पातळ होते. वहिनी म्हणाल्या, "मोडलेलं दही पुन्हा लागत नाही, तुमचं मड बरं लागतं!" त्या एका वाक्यात वहिनींना आमच्या धंद्यातली अर्धी विद्या कळली होती.

वर आलेले मड एका मोठ्या थरथरत्या चाळणीवर पडते. तिला शेल शेकर म्हणतात. मड जाळीतून खाली टाकीत गळते आणि चुरा जाळीवरून पुढे सरकत जातो. त्यानंतरही मडमध्ये बारीक रेती राहते, ती पुढच्या यंत्रांत गरगर फिरवून काढतात. स्वच्छ झालेले मड पुन्हा पंपाकडे जाते. असे रात्रंदिवस चालते.

आमची जागा त्या शेकरपाशी. बारा तासांची पाळी. कानात दडे बसवणारा आवाज, गरम मडची वाफ, पायाखाली निसरडे लोखंड. जाळी चोंदली की धुवायची, फाटली की बदलायची. पोती फोडून पावडर टाकायची. विहीर संपली की टाकीत उतरून तळाचा गाळ फावड्याने काढायचा. कायम नोकरीतली माणसे चौदा दिवसांनी हेलिकॉप्टरने जुहूला परत जात. आमचा ठेकेदार आम्हाला अठ्ठावीस दिवस ठेवी, कधी त्याहून अधिक. हातमोजे फाटले तर नवे मागायची चोरी होती. कॉस्टिकने बोटांची सालटी निघत. एका पाळीत शेकरवर किंवा टाकीत किती जण असत, हे मोजले तर संख्या बदलत राही. त्या माणसांच्या वस्त्या आणि आडनावे विचारली तर उत्तर मात्र फारसे बदलत नसे.

आता वादाची गोष्ट. गेल्या वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन संपल्यावर चहाच्या वेळी एका घरातला मुलगा आमच्याजवळ आला. आयटीआय फिटर झालेला, हुशार. म्हणाला, "काका, रिगवर शेकरचं काम मिळतंय. जाऊ का?"

आम्ही काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, "नाही जायचं. माझ्या सासऱ्यानं बाबासाहेबांच्या शब्दावर मेलेली ढोरं वढायचं सोडलं. गावानं वाळीत टाकलं, दाणापाणी बंद केलं, तरी सोडलं ते सोडलं. ते काय नातवानं चिखल उपसावा म्हणून?"

विहारात शांतता पसरली. एक ज्येष्ठ बांधव म्हणाले, "अहो, कुठलंही काम हलकं नसतं. भगवंतांनी सम्यक आजीविका सांगितली आहे. शस्त्रं, माणसं आणि जनावरं, मांस, दारू, विष यांचा व्यापार करू नये, एवढंच सांगितलं. चिखल त्यात कुठं येतो?"

आईने लगेच उत्तर दिले, "मग ते पवित्र काम मोठ्या घरच्या पोरांना का नाही देत?"

आम्ही चौघे त्या रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. दोघांचेही बरोबर होते. मग खरे काय?

आम्हाला सुनीताची कथा आठवली. राजगृहाच्या रस्त्यावरचा केरकचरा उचलणारा सुनीत. भगवान बुद्ध त्याला भेटले. "तुझे झाडणे फार थोर आहे, तेच करत राहा," असे भगवंत त्याला म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला संघात घेतले, भिक्खू केले. कामाचे गोडवे गाऊन माणसाला त्याच कामात बांधून ठेवणे हा धम्म नव्हे. ती तर जुनीच व्यवस्था झाली, फक्त तिच्यावर गोड शब्दांचा मुलामा.

पण दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे होती, पण ज्या विणखात्यात पगार जास्त, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ होतो असे सांगत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. गिरणी सोडून घरी बसा, असे त्यांनी सांगितले नाही. चांगल्या खात्याचे दार उघडा, असे सांगितले. पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी शास्त्र आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. १९४३ च्या डिसेंबरात ते झरिया भागातल्या कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले, मजुरांच्या चाळी पाहिल्या. बाबासाहेबांना मजुराचे यंत्रापाशी असणे खुपत नव्हते. त्या यंत्राची विद्या त्याच्यापासून लपवली जाते, हे त्यांना खुपत होते.

आणि त्या चिखलात विद्या आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

शेकरवर येणारा चुरा म्हणजे खालून आलेले पत्र असते. चुनखडी आली की पांढरट, शेल आला की करडा, चपटा. जिऑलॉजिस्ट ठरावीक अंतराने तो चुरा घेतात, धुतात, सुकवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अतिनील दिव्याखाली धरला की तेल असलेला कण चमकतो. एका तरुण जिऑलॉजिस्ट साहेबांनी एकदा आम्हाला आत बोलावून भिंगातून बघू दिले. खसखशीएवढे शंख दिसले. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात जगलेले जीव. आमच्यातला एक जण नंतर म्हणाला, "इतकी वर्षं मी हे फावड्यानं लोटत होतो, आणि हे असं आहे हे कुणी सांगितलं नाही."

एका रात्रीची गोष्ट. तिरकी विहीर चालू होती. समुद्रात एकाच ठिकाणाहून चहू दिशांना तिरक्या विहिरी खोदतात. तिरक्या भोकात मोठा धोका असतो. गटाराच्या तळाशी गाळ साचावा तसा चुरा भोकाच्या खालच्या अंगाला साचत जातो. वरून काही दिसत नाही. साचून साचून तो पाइपाला आवळतो आणि मग पाइप ना वर येत, ना खाली जात. त्या रात्री खोदाई नेहमीच्या वेगाने चालू होती, पण शेकरवर चुरा कमी येत होता. आमच्यातल्या एकाच्या ते लक्षात आले. त्याने ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगितले. उत्तर मिळाले, "तू जाळी धू." तो गप्प बसला नाही. जिऑलॉजिस्ट साहेबांकडे गेला. साहेबांनी हिशेब केला. तळातला चुरा वर यायला खोलीप्रमाणे वेळ लागतो. तेवढा वेळ धरूनही जितका चुरा यायला हवा होता त्याहून फार कमी आला होता. मग बाकीचा कुठे आहे? त्यांनी ड्रिलरला सांगितले. खोदाई थांबवली, पाइप फिरवत ठेवला, पंप जोरात चालवला, घट्ट मडचा एक लोट खाली सोडला. तास-दीड तासाने शेकरवर चुऱ्याचे ढीगच्या ढीग यायला लागले. आम्हाला फावडी पुरेनात.

पाइप अडकला असता तर कित्येक दिवसांचे काम आणि लाखो रुपये पाण्यात गेले असते. सकाळच्या अहवालात भोक साफ केल्याची नोंद झाली. कुणाच्या नजरेमुळे, याची झाली नाही. पण त्या दिवसापासून त्या साहेबांनी आमच्यातल्या त्याला एक वही दिली. दर अर्ध्या तासाला चुरा किती, रंग कोणता, तुकडे बारीक की मोठे चपटे, हे लिहायचे. मोठे, धारदार तुकडे आले तर ते बिटाने दळलेले नसतात, भोकाची भिंत ढासळत असते. टाकीतले मड आपोआप वाढायला लागले तर खालून वायू किंवा तेल आत शिरत असते. ही खूण सर्वांत भयंकर. १९९५ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातल्या पासर्लापुडी येथे तेल-वायूच्या विहिरीचा स्फोट झाला, ती आग ६५ दिवस जळत होती. २०१० साली अमेरिकेजवळच्या समुद्रात 'डीपवॉटर होरायझन' रिगवर ११ माणसे गेली. विहीर अशी खवळण्याआधी बहुधा मडमध्ये खुणा दिसू लागतात, आणि मडपाशी कोण उभे असते? ज्याला कुणी शिकवले नाही, ज्याचे नाव हजेरीत ठेकेदाराच्या मर्जीने लागते, तो.

हे सगळे आम्ही पुढच्या रविवारी त्या मुलाच्या घरी जाऊन सांगितले. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे कामाला नावं ठेवायची नाहीत, पण तिथंच मुरायचं नाही. असंच ना?" आम्ही म्हणालो, "अगदी असंच, ताई."

मग तिने मुलाला चार गोष्टी विचारून यायला सांगितले. त्या आम्ही इथे मुद्दाम देतो, कारण रिग असो, कारखाना असो, की ड्रेनेजचे काम, प्रत्येक आईबापाने त्या विचाराव्यात.

पहिली, कामाला लावण्याआधी शिकवणार का, आणि त्याचा कागद देणार का? १९५२ च्या खाण कायद्याने तेलविहिरीला खाणीच्याच व्याख्येत धरले होते, आणि १९६६ च्या नियमांनी खाणीतल्या कामगाराला आधी प्रशिक्षण देणे बंधनकारक केले होते. २०२० साली हे कायदे नव्या श्रमसंहितेत एकत्र केले गेले. नावे बदलली, पण शिकवण्याची आणि सुरक्षासाधने देण्याची मालकाची जबाबदारी गेलेली नाही.

दुसरी, टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासणार का, आणि बाहेर एक माणूस उभा ठेवणार का? सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू जास्त झाला की नाकाचा वासच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजणारे जिवाला मुकतात. आपल्या समाजाने गटारात पुरेशी पोरे गमावली आहेत.

तिसरी, हजेरी, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर हातात मिळणार का? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. मेलेल्यांत बहुसंख्य कंत्राटी कामगार होते. ओळख पटवायला घरच्यांना दवाखान्यांच्या दारात उभे राहावे लागले. कागद हा गरिबाचा कणा आहे.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. शेकरनंतर पुढे काय? शेकरवरून टॉपमन होता येते, टॉपमनच्या हाताखाली पंप आणि मड सांभाळायला शिकता येते, पुढे ड्रिलर होता येते. रसायनशास्त्राची पदवी असेल तर मड इंजिनिअर, भूशास्त्र असेल तर जिऑलॉजिस्ट. ही शिडी ठेकेदार दाखवत नाही. ती विचारावी लागते, आणि तो नाही म्हणाला तर स्वतः शोधावी लागते.

मुलगा गेला. चार प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे बरी मिळाली, एकाचे अर्धे, चौथ्याला ठेकेदार नुसता हसला. आज त्याला वर्ष होत आले. तो अजून शेकरवरच आहे. वही लिहितो, सुट्टीवर आला की ती आम्हाला दाखवतो, आणि मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अर्जही त्याने भरला आहे. आई अजून पूर्ण राजी नाही. ती म्हणते, "दोन वर्षं बघीन. तेवढ्यात वर नाही चढला तर परत बोलावीन." आम्हाला तिचे म्हणणे मान्य आहे. मुदत घालून काम करणे, ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या वेळी आम्हाला कुणी मुदत घातली नाही आणि आमची वर्षे जाळी धुण्यात गेली.

मड चांगले असेल, पंप चालू असेल, तर दीड हजार मीटर खालचा खडकही वर येतो. तो आपोआप येत नाही. त्याला कुणीतरी वर ढकलत राहते. समाजातल्या शिकलेल्या बांधवांना आमची विनंती आहे. तुमच्यात रसायनशास्त्र शिकवणारे आहेत, अभियंते आहेत, कामगार कायद्याचे वकील आहेत. महिन्यातला एक रविवार विहारात द्या. ठेकेदारीत अडकलेल्या मुलांना बसवून एक तास शिकवा, त्यांचे कागद तपासा, पुढच्या परीक्षेचे अर्ज भरून घ्या. आम्ही चौघे आमच्या विहारात हे सुरू केले आहे. सात मुले येतात. चटया आमच्या, फळा विहाराचा, आणि चहा त्या मुलाच्या आईकडून.

जय भीम! नमो बुद्धाय!